प्लेटिंग शेडखालची माती विजेने साफ होते का? जुना 12 व्होल्टचा रेक्टिफायर चालेल का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळ 10 गुंठे जागा आहे, तिथे पूर्वी क्रोम-निकेल प्लेटिंगचं शेड होतं. माती तपासली तर दोन्ही धातू निघाले. शेजारी विहीर आहे. शेडमधला रेक्टिफायर (लाइनच्या एसी विजेची डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज करणारं यंत्र) अजून चालू आहे, तर दोन लोखंडी सळ्या ठोकून त्याला जोडल्या की माती साफ होईल का?

सळ्या आणि तो रेक्टिफायर, एवढ्यावर होणार नाही. पद्धत मात्र खरी आहे आणि चिकणमातीत, जिथे नुसतं पाणी सोडून काही धुतलं जात नाही, तिथे तिचा खरा उपयोग होतो. कल्पना जुनी आहे. 1936 मध्ये पुरी आणि आनंद या आपल्याच संशोधकांनी क्षारपड जमिनीतला सोडियम विजेने काढण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला होता. (कागवाड-उगार भागातल्या चोपण जमिनीसाठी कुणी विचारलं तर मी तरीही जिप्सम आणि चर हेच सांगेन, ते कितीतरी स्वस्त पडतं.)

ओल्या मातीत डीसी सोडला की धन भार असलेले आयन (पाण्यात विरघळलेले भारित कण) ऋण टोकाकडे आणि ऋण भाराचे धन टोकाकडे सरकतात. मातीतलं पाणीही हळूहळू ऋण टोकाकडे जातं. त्याच वेळी दोन्ही टोकांना पाण्याचं विघटन होतं: धन टोकाला आम्ल आणि ऑक्सिजन, ऋण टोकाला अल्कली आणि हायड्रोजन. सगळा खेळ या आम्लाचा आहे. ते मातीच्या कणांना चिकटलेला निकेल सोडवतं आणि वीज त्याला पुढे नेते.

पण पलीकडून अल्कलीही चालून येत असते. दोघांची गाठ पडते तिथे निकेल हायड्रॉक्साइड होऊन बसतो. माती चिरून पाहिली तर त्या पट्ट्यात निकेल अडकलेला सापडतो, दोन्ही बाजूंना कमी. पट्टा तयार झाला की मातीचा रोध वाढतो, अँमीटरचा काटा उतरतो आणि काम थांबतं. म्हणून ऋण टोकाच्या पाण्यात रोज अ‍ॅसेटिक किंवा सायट्रिक आम्ल टाकून त्याचा पीएच 4-5 च्या आसपास ठेवावा लागतो. किती टाकायचं याचा हिशोब सोपा आहे: 10 अँपियर 24 तास चालले की साधारण 9 मोल (रसायनाचं प्रमाण मोजायचं एकक) अल्कली तयार होते, म्हणजे तिला मारायला रोज अर्धा लिटर ग्लेशियल (निव्वळ) अ‍ॅसेटिक. हायड्रोक्लोरिक वापरू नका, क्लोराइडमुळे धन टोकाला क्लोरीन सुटतो.

तुमच्याकडे दोन धातू आहेत आणि ते एकमेकांच्या उलट वागतात. खरी अडचण इथे आहे. निकेल ऋण टोकाकडे जातो आणि त्याला आम्ल हवं. प्लेटिंगच्या टाकीतलं क्रोमियम हेक्साव्हेलंट (सहा संयुजेचं, जास्त विषारी) असतं. ते क्रोमेट या ऋण भाराच्या आयनच्या रूपात धन टोकाकडे जातं आणि तिथल्या आम्लात लाल मातीच्या लोहऑक्साइडला उलट जास्त घट्ट चिकटतं. म्हणून आधी क्रोमियमचा टप्पा घ्यायचा: धन टोकाच्या पाण्यात धुण्याचा सोडा टाकून पीएच 8-9 ठेवायचा आणि क्रोमेट तिथून उपसायचं. ते उतरलं की सोडा बंद करून आम्ल पुढे सरकू द्यायचं आणि निकेल दुसऱ्या टोकाला घ्यायचा. एकाच फेरीत दोन्ही काढायला गेलात तर क्रोमियम मातीतच राहील.

आता रेक्टिफायर. प्लेटिंगला व्होल्ट कमी आणि अँपियर जास्त लागतात. मातीचं उलट आहे. इथे दर सेंटीमीटरला सुमारे 1 व्होल्ट लागतो, म्हणजे इलेक्ट्रोड 1 मीटर अंतरावर असतील तर 100 व्होल्ट, आणि दर चौरस मीटर छेदाला साधारण 5 अँपियर. तुमच्या 12 व्होल्टवर काम आठपट मंदावेल. आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (लाइनशी थेट जोड न ठेवणारा) असलेला वेगळा डीसी सप्लाय लागेल. हेस्कॉमच्या (वीज कंपनीच्या) लाइनवर नुसता ब्रिज डायोड लावून डीसी काढणं म्हणजे ओल्या मातीत उघडी तार टाकण्यासारखं आहे. ओल्या जमिनीवर 100 व्होल्ट डीसी माणूस आणि गुरं दोन्ही मारू शकतो, आणि घरातला नेहमीचा ईएलसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) डीसीच्या गळतीला भरवशाचा नाही. कुंपण हवंच, आणि आत शिरण्याआधी सप्लाय बंद.

लोखंडी सळई धन टोकाला चालत नाही, कारण ती विरघळते: 10 अँपियरला दिवसाला पाव किलो लोखंड. तिथे ग्रॅफाइट किंवा ऑक्साइडचा लेप दिलेलं टायटॅनियम हवं, ऋण टोकाला स्टेनलेस चालतं. प्रत्येक इलेक्ट्रोड भोकं पाडलेल्या, जिओटेक्स्टाइल (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) गुंडाळलेल्या 4 इंची पीव्हीसी पाइपात उभा करायचा, म्हणजे पाणी उपसता येतं. ऋण पाइपाचं तोंड झाकू नका. 10 अँपियरला दिवसाला शंभरावर लिटर हायड्रोजन निघतो.

मातीचा प्रकार मात्र सगळ्यांत आधी पाहा. वाळलेल्या ढेकळावर संडास धुण्याच्या अ‍ॅसिडचे दोन थेंब टाका. फेस आला तर चुना आहे. बेळगाव-खानापूरची लाल माती सहसा फेसाळत नाही आणि या कामाला चांगली. बैलहोंगल-अथणीकडची काळी माती फेसाळते. मातीत 5 टक्के चुना असेल तर 1 घनमीटरमध्ये साधारण 75 किलो होतो. तो संपवायला लागणारं आम्ल विजेने तयार करायचं तर सुमारे 40,000 अँपियर-तास, म्हणजे 100 व्होल्टवर 4,000 युनिट आणि 5 अँपियरने जवळजवळ अकरा महिने. तोवर निकेल जागचा हलणार नाही. अशा मातीत या वाटेला जाऊच नका.

लाल मातीत 1 घनमीटरला दिवसाला 12 युनिट, 60 दिवसांचे 720. पूर्ण 10 गुंठे दीड मीटर खोल म्हणजे 1,500 घनमीटर, जवळपास 11 लाख युनिट. ते परवडणारं नाही. पण प्लेटिंग शेडमध्ये घाण सगळीकडे सारखी नसते. ती टाकीखाली आणि निचऱ्याच्या गटारालगत साठते. दर 2 मीटरवर नमुने घेऊन तो तुकडा शोधा. तो 3 बाय 4 मीटर निघाला तर 18 घनमीटर आणि 13,000 युनिट, हे हातातलं काम आहे. इतकी थोडी माती उकरून घातक कचऱ्याच्या अधिकृत केंद्रात पाठवायचा दरही विचारा, बऱ्याचदा तेच स्वस्त निघतं. वीज मी तिथे धरेन जिथे वर बांधकाम आहे आणि खोदता येत नाही.

आधी खोक्यात करून बघा. 30 सेंटीमीटर लांब, 10 रुंद, 10 उंच प्लॅस्टिकचं खोकं घ्या, मध्ये 20 सेंटीमीटर ओली माती दाबून भरा (साडेतीन किलोच्या आसपास), दोन्ही टोकांना जाळी आणि फिल्टर कापड लावून 5-5 सेंटीमीटर पाणी ठेवा. मोबाइल दुरुस्तीवाल्यांकडचा 30 व्होल्टचा सप्लाय 20 वर लावा. प्रवाह 50 मिलिअँपियर असेल तर निकेलच्या टप्प्यात ऋण बाजूला रोज 65-70 मिलिलिटर साधं 4 टक्के व्हिनेगर पुरतं. दोन्ही टप्पे मिळून महिना-सव्वा महिन्याने मातीच्या 4-4 सेंटीमीटरच्या पाच चकत्या कापा आणि प्रत्येकीचा पीएच, निकेल, एकूण क्रोमियम आणि हेक्साव्हेलंट क्रोमियम वेगवेगळं तपासून घ्या. एकत्र कालवून तपासलंत तर धातू नुसता सरकला की बाहेर आला, हे कळणारच नाही.

जागेवर आणखी तीन गोष्टी बिघडतात. मातीत फाउंड्रीचा भंगार किंवा जुना लोखंडी पाइप असेल तर प्रवाह त्यातूनच पळतो आणि शेजाऱ्याची पाइपलाइन, अर्थिंगही कुजतं. एप्रिल-मेमध्ये धन टोकाजवळची माती सुकून तडकते आणि सर्किट तुटतं, म्हणून त्या पाइपात पाणी कायम भरलेलं ठेवा. आणि आपल्याकडचा पाऊस उघड्या जागेत विरघळलेला क्रोमेट सरळ विहिरीकडे नेईल. काम दिवाळीनंतर सुरू करा, वर पत्रा आणि भोवती चर असू द्या.

हे सगळं होईपर्यंत विहिरीचं पाणी हेक्साव्हेलंट क्रोमियमसाठी तपासा आणि निकाल येईपर्यंत पिण्याला, भाजीला, रताळ्यांना वापरू नका. क्रोमियम खूप असेल आणि विहीर जवळ असेल तर हिराकस (फेरस सल्फेट) हा तातडीचा उपाय आहे: तो हेक्साव्हेलंटचं कमी विषारी, कमी विरघळणारं ट्रायव्हेलंट करतो. धातू मातीतच राहतो, पण पाण्यात उतरायचा थांबतो.

उपसलेलं पाणी गटारात सोडू नका. क्रोमवाल्या पाण्यात आधी पीएच 2-3 ला सोडियम मेटाबायसल्फाइटने हेक्साव्हेलंटचं ट्रायव्हेलंट करून मग ते चुन्याने 8-9 ला बसवायचं, निकेलवालं 10 च्या आसपास. खाली बसणारा गाळ घातक कचऱ्याच्या 2016 च्या नियमांनुसार घातक कचरा आहे. तो प्लॅस्टिकच्या ड्रममध्ये झाकण लावून ठेवा आणि कर्नाटक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या बेळगाव कार्यालयाला पहिला इलेक्ट्रोड रोवायच्या आधी लेखी कळवा.