क्लेमेंटे आणि मॅझरॉस्की सोडून पिट्सबर्ग पायरेट्स या अमेरिकी बेसबॉल संघाचे कोणते जुने सामने आणि कोणते खेळाडू बघावेत?

तुम्ही विचारलंय की पायरेट्स नुकतेच बघायला लागलात, रॉबर्टो क्लेमेंटे, विली स्टारजेल आणि 1960 चा मॅझरॉस्कीचा होम रन माहीत आहे, पण त्यापुढे काय बघायचं?

सुरुवात मॅझरॉस्कीच्या त्याच सामन्यापासून करा, पण एक इनिंग आधीपासून. 13 ऑक्टोबर 1960, फोर्ब्स फील्ड, यँकीजविरुद्ध वर्ल्ड सिरीजचा (विजेतेपदाच्या अंतिम मालिकेचा) सातवा सामना. आठव्या इनिंगमध्ये पायरेट्स 4-7 ने मागे. जीनो चिमोली बदली फलंदाज म्हणून येतो आणि सिंगल मारतो, म्हणजे फटका मारून पहिल्या बेसवर पोचतो. मग बिल व्हर्डनचा सरळसाधा ग्राउंडर (जमिनीवरून जाणारा फटका), डबल प्ले (एकाच चेंडूवर दोघे आऊट) होणार हे नक्की. पण चेंडू खराब जमिनीवर उसळून शॉर्टस्टॉप टोनी क्यूबेकच्या गळ्यावर बसतो. दोघेही सुरक्षित. डिक ग्रोटच्या सिंगलवर एक धाव. दोघे आऊट झाल्यावर क्लेमेंटेचा संथ ग्राउंडर पहिल्या बेसच्या बाजूला जातो. असा चेंडू फर्स्ट बेसमन उचलत असेल तर पिचरनं धावत जाऊन बेस सांभाळायचा असतो. जिम कोट्स वेळेत पोचला नाही, क्लेमेंटे वाचला आणि दुसरी धाव आली: 6-7.

आता आला हॅल स्मिथ. हा राखीव कॅचर. सातव्या इनिंगमध्ये पहिला कॅचर स्मोकी बर्जेस बेसवर पोचला, पण तो पळायला फार संथ, म्हणून त्याच्या जागी धावपटू उतरवला गेला. त्या बदलामुळेच स्मिथ सामन्यात होता. त्यानं तीन धावांचा होम रन मारला, 9-7. एका फटक्यानं विजेतेपदाची शक्यता किती सरकली याचं गणित मांडणारे लोक हा फटका मॅझरॉस्कीच्या फटक्याच्याही वर धरतात, आणि मला ते पूर्ण पटतं. मॅझरॉस्की आला तेव्हा सामना बरोबरीत होता. स्मिथ आला तेव्हा संघ हरत होता.

मग स्मिथ विसरला का गेला? कारण नवव्या इनिंगमध्ये यँकीजनी बरोबरी साधली. त्यातला खेळ थांबवून थांबवून बघा. एक आऊट, स्कोअर 9-8, मिकी मँटल पहिल्या बेसवर, तिसऱ्यावर आणखी एक धावपटू. योगी बेराचा ग्राउंडर रॉकी नेल्सन पकडतो आणि आधी पहिल्या बेसवर पाय ठेवतो. बेरा आऊट, पण त्यामुळे मँटलवरची दुसऱ्या बेसकडे धावण्याची सक्ती संपली. तो उलटा फिरून नेल्सनच्या हाताखालून पहिल्या बेसवर झेपावला आणि वाचला. तेवढ्यात तिसऱ्या बेसवरचा घरी (होम प्लेटवर) आला, 9-9. नेल्सननं चेंडू आधी दुसऱ्या बेसकडे फेकून डबल प्ले पुरा केला असता, तर सामना तिथेच संपला असता. या सामन्याचं चित्रीकरण हरवलं असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. संघाचे एक भागीदार असलेले गायक बिंग क्रॉस्बी यांच्या घरच्या तळघरात ते 2009 मध्ये सापडलं. मिळालं तर पूर्ण बघा.

या सामन्याचा विजयी पिचर म्हणून नोंद आहे ती हार्वी हॅडिक्सची, आणि दुसरा सामना त्याचाच. 26 मे 1959, मिलवॉकी ब्रेव्हजविरुद्ध त्यांच्या मैदानावर. परफेक्ट गेम म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा एकही फलंदाज बेसवर पोचू न देणं. नऊ इनिंग्जमध्ये सलग 27 जण आऊट. हॅडिक्सनं बारा इनिंग्जमध्ये सलग 36 जण आऊट केले, तेही सर्दीतापानं अंग मोडलेलं असताना. आणि तो हरला. कारण समोरच्या लू बर्डेटनं 12 हिट (फलंदाजाला बेसवर नेणारे फटके) दिले तरी एकही धाव दिली नाही. तिसऱ्या इनिंगमध्ये पायरेट्सचे तीन सिंगल झाले, पण रोमान मेहियास तिसऱ्या बेसकडे पळताना आऊट झाला आणि धाव राहून गेली. क्लेमेंटे आणि ग्रोट दोघेही त्या दिवशी खेळले नाहीत.

तेराव्या इनिंगमध्ये थर्ड बेसमन डॉन होकची फेक चुकली आणि फेलिक्स मँतिया बेसवर पोचला. एडी मॅथ्यूजनं बंट (बॅट नुसती टेकवून चेंडू जवळच पाडणं) करून त्याला दुसऱ्या बेसवर सरकवलं, हँक अ‍ॅरनला मुद्दाम वॉक (न खेळता पहिला बेस) दिला गेला, आणि जो अ‍ॅडकॉकनं चेंडू कुंपणापलीकडे मारला. अ‍ॅरनला वाटलं चेंडू आतच पडला, मँतियाच्या धावेवर सामना संपला. तो दुसऱ्या बेसनंतर धाव सोडून वळला, अ‍ॅडकॉक त्याच्या पुढे गेला, म्हणून होम रनऐवजी डबल (दोन बेसचा फटका) धरला गेला आणि निकाल 3-0 ऐवजी 1-0 लागला. 1991 मध्ये नियमाची व्याख्या कडक केल्यावर हा खेळ नो-हिटरच्या (एकही हिट न देता पुऱ्या केलेल्या सामन्यांच्या) अधिकृत यादीतूनही गेला. माझ्या मते हा अन्याय आहे.

त्याच 1959 च्या मोसमात एल्रॉय फेसनं फक्त रिलीफ पिचर (सामन्यात मधेच बदली उतरणारा) म्हणून येऊन 18 सामने जिंकले आणि एकच हरला. त्याचं हत्यार फोर्कबॉल: दोन बोटं फाकवून त्यात चेंडू धरायचा, हात जोरात फिरवायचा, चेंडू प्लेटजवळ येऊन अचानक खाली बसतो.

1971 चा वर्ल्ड सिरीजमधला विजय क्लेमेंटेच्या नावे आहे, पण चौथा सामना ब्रूस किसनचा बघा. वर्ल्ड सिरीजमधला तो पहिला रात्रीचा सामना. 21 वर्षांचा किसन पहिल्याच इनिंगमध्ये 0-3 अशा स्थितीत आला आणि 6⅓ इनिंग्जमध्ये एकच हिट दिला. बाजूनं फेकायचा, चेंडू फलंदाजाच्या अंगालगत टाकायचा, म्हणून तीन फलंदाजांना चेंडू लागलेही. विजयी धाव मिल्ट मेच्या सिंगलवर आली, तोही 21 चाच.

त्याच वर्षी 1 सप्टेंबरला पायरेट्सनी फिलाडेल्फियाविरुद्ध मेजर लीगमधला पहिला असा संघ उतरवला ज्यात सुरुवातीचे नऊच्या नऊ खेळाडू कृष्णवर्णीय किंवा लॅटिनो होते. सामना 10-7 ने जिंकला. त्यात पहिला फलंदाज होता पनामाचा रेनी स्टेनेट. याच स्टेनेटनं 16 सप्टेंबर 1975 ला शिकागोत कब्जविरुद्ध सातपैकी सात हिट मारले: चार सिंगल, दोन डबल, एक ट्रिपल. नऊ इनिंग्जच्या सामन्यात विसाव्या शतकात दुसऱ्या कुणालाही हे जमलं नाही. स्कोअर 22-0. दोन वर्षांनी बेसवर घसरताना पाय मोडला आणि तो वेग पुन्हा आला नाही, नाहीतर त्याचं नाव आज घराघरात असतं.

हॅडिक्सची सल ज्यानं थोडी भरून निघते तो सामना 12 जुलै 1997 चा, ह्यूस्टनविरुद्ध. फ्रान्सिस्को कोर्डोव्हानं नऊ इनिंग्जमध्ये हिट दिला नाही, पण याही वेळी धाव होत नव्हती. दहावी रिकार्डो रिंकोननं टाकली, त्यानंही दिला नाही. मग बदली फलंदाज मार्क स्मिथचा तीन धावांचा होम रन, 3-0. दोघेही पिचर मेक्सिकोचे.

अलीकडचं एक नाव ड्रू मॅगी. तेरा मोसम मायनर लीगमध्ये (मेजर लीगच्या खालच्या स्तरावर), 1,155 सामने. 26 एप्रिल 2023 ला तेहतिसाव्या वर्षी मेजर लीगमध्ये पहिली फलंदाजी, तीही अँड्र्यू मॅककचनच्या जागी. स्ट्राइकआऊट झाला, पण तो प्लेटकडे येताना अख्खं मैदान उभं होतं. तीन दिवसांनी वॉशिंग्टनमध्ये पहिला हिट मिळाला.

जुन्या सामन्यांचे व्हिडिओ फारसे नाहीत. तारीख आणि संघ टाकून बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळावर चेंडूगणिक नाही तरी फलंदाजागणिक नोंद मिळते. त्यात क्षेत्ररक्षकांचे आकडे ठरलेले असतात: पिचर 1, कॅचर 2, फर्स्ट बेस 3, सेकंड बेस 4, थर्ड बेस 5, शॉर्टस्टॉप 6, मग डावीकडून उजवीकडे आउटफिल्ड 7, 8, 9. म्हणून ‘ई5’ दिसलं की थर्ड बेसमनची चूक. हॅडिक्सच्या तेराव्या इनिंगमध्ये पहिली नोंद हीच आहे.