खनिजाच्या धुळीने डोळे लाल होतात, नजर जाईल का?

तुम्ही विचारलंय की गोव्यातल्या दिचोलीत खनिजाच्या ट्रकांच्या रस्त्यालगत राहून डोळे सारखे चुरचुरतात, पाणी येतं, यानं पुढे नजर अधू होईल का. मी साखळीजवळ तसल्याच रस्त्यावर वाढलो. 2012 मध्ये खाणी बंद पडल्या तोवर आई अंगणातली तुळस सकाळी धुवायची आणि दुपारी पानं पुन्हा तांबडी. बाबा ट्रकवरून उतरले की आधी टॉवेलाने डोळे खसाखसा चोळायचे.

डोळ्यावर अश्रूंचा पातळ थर असतो आणि त्यावर तेलाचा तवंग. धूळ-धुराने तो तवंग विस्कटला की ओलावा उडून जातो. डोळा टोचतो, मग भराभर पाणी सुटतं. पण ते नुसतंच पाणी, टिकत नाही. म्हणून डोळा वाहतो आणि तरी कोरडाच असतो. मध्येच धूसर दिसून पापण्यांची उघडझाप केल्यावर स्पष्ट होतं, ते बहुतेक यामुळेच. एवढ्याने नजर जात नाही.

डिझेलच्या धुरातल्या पीएम 2.5 म्हणजे अतिशय बारीक कणांची काळजी मात्र खरी आहे. ब्रिटनमधल्या लाखाहून अधिक लोकांच्या 2021 च्या अभ्यासात, असे कण जास्त असलेल्या भागांत वयोमानाने होणारी डोळ्याच्या पडद्याची झीज थोडी जास्त आढळली. हा नुसता संबंध आहे, कणांमुळेच झीज होते याचा पुरावा नव्हे.

आमच्या घरात नजर गेली ती धुळीने नाही, थेंबांनी. बाबांना लाल डोळ्यांवर फार्मसीतून चिठ्ठीविना एक बाटली मिळाली. लाली लगेच उतरायची, म्हणून वर्षानुवर्षं तीच घालत राहिले. त्यात स्टेरॉइड होतं. डोळ्यांतला दाब वाढून काचबिंदू झाला. कधी दुखलं नाही, म्हणून कळलंही नाही. आता ताटाशेजारचा तांब्या त्यांना दिसत नाही, कोपर लागून कलंडतो. कडेची गेलेली नजर परत येत नाही.

तुम्ही चोळणं सोडा, बाहेरून आल्यावर स्वच्छ पाण्याने तोंड धुवा, स्कूटरवर हेल्मेटची काच खाली ठेवा. कृत्रिम अश्रूंचे थेंब डॉक्टरांना विचारून घ्या. उजेड सहन होईना, डोळा दुखू लागला किंवा कमी दिसायला लागलं तर त्याच दिवशी दाखवा.

आणि आधी घरातली बाटली उजेडात धरून वाचा. डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडांपैकी काही लिहिलेलं असेल, तर ती बाटली घेऊनच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि डोळ्यांचा दाब मोजून घ्या.