पावती मोडून कर्ज फेडू, की लेकीला हप्ता भरू दे?

प्रश्न: मी कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर आहे. वय 54, पगार 35 हजार. मुलगी गेल्या जूनमध्ये कॉम्प्युटर इंजिनिअर झाली. तिच्यासाठी राष्ट्रीयीकृत बँकेतून दर वर्षी दीड लाख, असं चार वर्षांत 6 लाखांचं शैक्षणिक कर्ज घेतलं. व्याज 10 टक्के, हप्ता येत्या जूनपासून. तिच्याकडे पुण्यातल्या कंपनीचं वर्षाला 3 लाख 36 हजारांचं ऑफर लेटर आहे, पण जॉइनिंग दोनदा पुढे गेलं. इथे एक छोटी सॉफ्टवेअर फर्म महिना 14 हजारांवर बोलावते आहे. पुण्यातला एक क्लास 1 लाख 60 हजारांत ‘नोकरीची हमी’ देतो. तिच्या लग्नासाठी पतसंस्थेत साडेआठ टक्क्यांनी साडेचार लाख मुदत ठेवीत ठेवलेत. अडीच लाखांची पावती एप्रिलमध्ये सुटते, दोन लाखांची पुढच्या वर्षी. बघायला पाव्हणे येणार, तर मुलीच्या नावावर कर्ज नको, असं घरचे म्हणतात. दोन्ही पावत्या मोडून कर्ज कमी करून टाकू का?

उत्तर: एप्रिलची पावती वापरा. दुसरीला हात लावू नका.

आधी एक आकडा दुरुस्त करू. तुमच्या डोक्यात कर्ज 6 लाखांचं आहे, पण जूनमध्ये बँक हप्ता काढेल तो साधारण 8 लाख 10 हजारांवर. शिक्षणाची चार वर्षं आणि नंतरचं एक वर्ष हप्ता नव्हता, व्याज मात्र चालूच होतं. पहिल्या दीड लाखावर पाच वर्षांचं 75 हजार, दुसऱ्यावर 60, तिसऱ्यावर 45, चौथ्यावर 30. झाले 2 लाख 10 हजार. आतापर्यंत हे सरळव्याज होतं. हप्ते सुरू होताना ही रक्कम मुद्दलात मिळवतात आणि मग त्या व्याजावरही व्याज लागतं. बरेच पालक हे पहिला हप्ता कापला गेल्यावर बघतात आणि शाखेत जाऊन भांडतात. तोवर उशीर झालेला असतो.

म्हणून एप्रिलची अडीच लाखांची पावती सुटली की त्यातून हे साठलेलं व्याज मे अखेरपर्यंत भरून टाका. मग हप्ता बसेल 6 लाखांवर. 8 लाख 10 हजारांवर दहा वर्षांचा हप्ता होतो 10,700 च्या आसपास. 6 लाखांवर तोच 7,930. पैसे भरताना शाखाधिकाऱ्यांना एक साधा अर्ज द्या, की ही रक्कम साठलेल्या व्याजापोटी जमा करावी आणि परतफेडीचं नवं वेळापत्रक द्यावं. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.

पण त्याआधी दुसरं काम. तुमच्या पत्रात व्याज सबसिडीचा उल्लेख नाही. केंद्र सरकारची एक जुनी योजना आहे: कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल आणि कॉलेज नॅक किंवा कोर्स एनबीए या मूल्यांकन संस्थेकडून मानांकित असेल, तर हप्ता नसलेल्या काळातलं पूर्ण व्याज सरकार भरतं. तुमचा आजचा पगारच वर्षाला 4 लाख 20 हजार होतो. घरात दुसरी मिळकत नसेल तर तुम्ही त्यात बसत होता. कर्ज घेताना तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला दिला होता का? दिला असेल तर बँकेने क्लेम केला का? कर्जखात्याचा पहिल्या दिवसापासूनचा उतारा मागा. तोंडी उत्तरावर समाधान मानू नका.

आता दुसरी पावती. तुम्ही म्हणाल, कर्ज 10 टक्क्यांनी आणि ठेव साडेआठ टक्क्यांनी, मग ती तरी कशाला ठेवायची? हिशेब बरोबर आहे. पण शैक्षणिक कर्ज एकदा फेडलं की ते पैसे परत काढता येत नाहीत. उद्या घरात आजारपण आलं, फौंड्रीत ऑर्डर कमी होऊन ओव्हरटाइम बंद झाला, पुण्याचं जॉइनिंग तिसऱ्यांदा पुढे गेलं, तर तुम्हाला पर्सनल लोनच घ्यावं लागेल आणि ते 10 टक्क्यांनी कुणी देणार नाही. शिवाय मुदतीआधी मोडलेल्या पावतीचं व्याज कापलं जातं ते वेगळंच.

मात्र पुढच्या वर्षी ती पावती सुटली की पतसंस्थेत परत गुंतवू नका. आपल्याकडे गल्लोगल्ली पतसंस्था, संचालक ओळखीचे, म्हणून माणूस निर्धास्त असतो. पण बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, तसा पतसंस्थेतल्या ठेवीला नसतो. अडीअडचणीला ठेवलेले पैसे बँकेत किंवा पोस्टात असावेत, व्याज दीड-दोन टक्क्यांनी कमी मिळालं तरी.

नोकरीचं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. पुण्याच्या 3 लाख 36 हजारांतून पीएफ वगैरे जाऊन हातात 23-24 हजार येतील. कॉटचं भाडं, मेस, जाण्यायेण्याचा खर्च आणि महिन्यातून एकदा घरी चक्कर धरली तर 16-17 हजार सहज जातात. (1901 पासून गरीब मुलांसाठी बोर्डिंगं, म्हणजे वसतिगृहं, उभी करणाऱ्या कोल्हापूरची मुलगी पुण्यात नुसत्या कॉटसाठी किती मोजते, ते तिलाच विचारा.) शिल्लक 7 हजार. इथे 14 हजारांत घरी राहून, घरचं खाऊन तिचा खर्च 4 हजार धरा. शिल्लक 10 हजार. म्हणजे कमी पगारात जास्त उरतात. याचा अर्थ तिने कायम कोल्हापुरातच राहावं असा नाही. दोन-तीन वर्षांनी पुण्यात पगार ज्या वेगाने वाढेल, तसा इथे वाढणं कठीण आहे.

पण आज पुण्याची नोकरी फक्त कागदावर आहे. गेली काही वर्षं आयटी कंपन्या फ्रेशर्सना लेटर देऊन महिनोन्महिने ताटकळत ठेवतात. घरी बसून काढलेलं वर्ष बायोडेटात लपत नाही. तिने इथली नोकरी लगेच धरावी. छोट्या फर्ममध्ये कोड लिहायचा, गिऱ्हाइकाचा फोन घ्यायचा आणि कारखान्यात जाऊन सॉफ्टवेअर बसवायचं, हे सगळं एकाच माणसावर येतं. वर्षभरात ती जे शिकेल, ते मोठ्या कंपनीच्या ट्रेनिंगमध्ये मिळेलच असं नाही. दोन गोष्टी मात्र आधी बघा. मूळ मार्कशीट जमा करायला सांगितली तर सरळ नाही म्हणा, आणि बाँड किंवा लांबलचक नोटीस पिरियड आहे का ते वाचा. पुण्याहून बोलावणं आलं तर तिला महिन्याभरात निघता आलं पाहिजे.

क्लास नको. त्यांच्या ‘हमी’ची अट बारीक अक्षरात असते आणि फी बहुतेक वेळा एखाद्या फायनान्स कंपनीच्या कर्जातून जाते. नोकरी लागो न लागो, तो हप्ता सुटत नाही.

हप्त्याची मुदत किती घ्यायची? 15 वर्षं. दचकू नका. 6 लाखांवर 15 वर्षांचा हप्ता सुमारे 6,450 येतो, म्हणजे ती पुण्यात गेली तरी त्या 7 हजारांत बसतो. इथे असेपर्यंत तिने महिन्याला 10 हजार भरावेत. सलग तसंच भरलं तर कर्ज सात वर्षांत संपतं. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतीआधी फेडल्याचा दंड लागत नाही. तुमचं तसंच आहे ना, एवढं मंजुरीपत्रात बघा. टॅक्स वाचतो म्हणून कर्ज लांबवा, असं कुणी सांगेल. या व्याजाची आयकरातली वजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते आणि तिच्या पगारावर कर तसाही बसत नाही.

नोकरी नसताना हप्ता आला तर गप्प बसू नका. बेरोजगारीच्या काळात बँक हप्ता काही महिने पुढे ढकलू शकते, पण त्यासाठी थकायच्या आधी लेखी अर्ज लागतो. 90 दिवस थकलं की खातं एनपीए, म्हणजे थकीत कर्ज, ठरतं आणि सहकर्जदार म्हणून तुमचंही सिबिल बिघडतं.

राहिले पाव्हणे. कर्ज एकट्या मुलीच्या नावावर नाही, तुमच्याही नावावर आहे, आणि लग्न झालं म्हणून ते सासरच्यांवर जात नाही. पहिल्याच बैठकीत सांगून टाका: हप्ता एवढा, तीच भरते, लग्नानंतरही तिच्या पगारातून तीच भरेल. हे ऐकून जे उठून जातील, त्यांच्यासाठी लग्नाच्या पावत्या मोडायचं कारण मला तरी दिसत नाही.

उतारा या आठवड्यातच मागा. त्यात सबसिडी जमा झालेली दिसली, तर 2 लाख 10 हजार भरायच्या आधी मला पुन्हा लिहा.