पहिल्यांदाच कोकणात? मग मालवण धरा

तीन दिवसांत अलिबाग ते वेंगुर्ला हा बेत आधी रद्द करा. नवखे इथेच फसतात. मीही फसलो होतो, आठवतात ती फक्त वळणं. रेल्वेने कुडाळला उतरा, एसटीने मालवण गाठा आणि तिथेच मुक्काम ठोका.

१. सिंधुदुर्ग सकाळीच करा. शिवरायांनी १६६४ साली कुरटे बेटावर बांधायला घेतलेला हा जलदुर्ग. होडी अगदी जवळ येईपर्यंत दरवाजा दिसतच नाही! आत शिवराजेश्वराचं मंदिर, चुन्यातले हातापायाचे ठसे. आणि चहूकडे खारं पाणी असताना दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरींना गोडं पाणी. ते पाहायला घाई करू नका. पावसाळ्यात होड्या बंद असतात, हे अनेकजण जेटीवर पोचल्यावर शिकतात.

२. हिवाळ्यात गेलात तर जत्रेतला दशावतार चुकवू नका. रात्री उशिरा उभा राहतो, पहाटेपर्यंत चालतो. दुपारी झोप काढून जा. संहिता नसते, संवाद ऐनवेळचे. स्त्रीपार्टही पुरुषच करतात.

३. समुद्रात उतरू नका असं गावकरी म्हणाले, तर वाद घालू नका.

विजयदुर्ग, सावंतवाडीची गंजिफा (हाताने रंगवलेले खेळायचे गोल पत्ते), कातळशिल्पं पुढच्या खेपेला. तिकीट मात्र आत्ताच काढा, गणपतीचे दिवस सोडून.