ख्रिस्ती घरात लहान मुलगे वाढवताना रोज काय होतं? प्रार्थनेला दंगा, चर्चमध्ये लाज, आम्ही कुठे चुकतोय?

तुमचा प्रश्न बायकोला मोठ्याने वाचून दाखवला आणि आम्ही दोघं पाच मिनिटं हसत बसलो, तुमच्यावर नाही हो, स्वतःवर. तुम्ही लिहिलंय की ५ आणि ३ वर्षांचे दोन मुलगे आहेत, संध्याकाळच्या प्रार्थनेला बसवलं की लोळायला लागतात, रविवारी चर्चमध्ये मान खाली घालायची वेळ येते, आणि आपल्याच संस्कारात काहीतरी कमी पडतंय असं वाटतं. मला तीन आहेत. ९, ६ आणि ४. प्रार्थनेला न लोळणारा ३ वर्षांचा मुलगा मी अजून पाहिलेला नाही, ताप असेल तर गोष्ट वेगळी.

आमच्याकडे कौटुंबिक प्रार्थना कशी होते ते सांगतो, म्हणजे तुम्हाला जरा बरं वाटेल. 'बाबा, याने डोळे उघडे ठेवलेत!' 'तुला कसं कळलं मग?' हा जोक सगळ्यांना माहितीये, पण आमच्या घरी तो जोक नाहीये, आठवड्यातून तीनदा त्यावरून मारामारी होते. धाकट्याला आभार मानायला सांगितलं की तो पंख्यापासून सुरू करतो, मग पडदा, मग चप्पल, मग भिंतीवरची पाल, मग स्वतःच्या पायाचा अंगठा, आणि तोवर ताटातलं सगळं गार होऊन जातं. मधल्याने वेगळीच आयडिया काढली. चहाडी केली तर आम्ही ओरडतो हे त्याला कळलंय, म्हणून तो प्रार्थनेत चहाडी करतो. 'हे प्रभू, दादाने माझ्या गाडीचं चाक काढून लपवलं हे तुला माहीतच आहे, पण बाबांना अजून माहीत नाही, आमेन.' आता यावर ओरडायचं कसं सांगा, तो तर प्रार्थना करतोय.

आणि एक दिवस त्याने विचारलं, बाबा तुम्ही प्रार्थना करताना वेगळ्या आवाजात का बोलता? मी म्हटलं कुठे काय. मग तिघांनी मिळून माझी नक्कल करून दाखवली. आवाज खाली, शब्द लांबवलेले, 'हेऽऽ दयाळू पित्याऽऽ आम्ही तुझ्या चरणाशीऽऽ'. बायको हसून हसून उठून आत गेली. मला खरंच माहीत नव्हतं की मी असा बोलतो, माझे वडील असेच बोलायचे आणि मला ते लहानपणी विचित्र वाटायचं. तेव्हापासून मी साध्या आवाजात बोलायचा प्रयत्न करतो, जमतं अधूनमधून. प्रार्थना दोन मिनिटांत संपवतो आणि धाकट्याला मांडीवर घेऊन बसतो, लोळायचं तर मांडीवर लोळ.

आता गोष्टींबद्दल. मुलग्यांना बायबलमधलं नेमकं काय आवडतं हे मला कोणी आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मी हरवलेल्या मेंढराची गोष्ट काढतो, त्यांना त्या बलदंड शमशोनाने गाढवाच्या जबड्याने हजार माणसं मारली ती हवी असते. दावीद आणि गल्याथ वाचताना ओढ्यातले पाच गुळगुळीत गोटे, गोफण, कपाळात दगड इथपर्यंत मी छान आणतो आणि पुस्तक मिटायला लागतो तर मोठा म्हणतो, 'बाबा पुढचं वाचा, डोकं कापतो ते.' लपवायची सोय नाही.

महापुरात सगळे प्राणी घेऊन तरंगलेल्या नोहाच्या तारवाच्या गोष्टीत मधल्याचा एकच प्रश्न होता. शी कोण साफ करायचं? मी म्हटलं अरे ४० दिवस पाऊस पडला, त्यात एवढं काय. मोठा वाचायला शिकलाय, त्याने बायबलमधलं पहिलंच पुस्तक, उत्पत्ती, काढून हिशोब लावला. नोहाच्या ६०० व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या १७ तारखेला पाऊस सुरू, आणि ६०१ व्या वर्षी दुसऱ्या महिन्याच्या २७ तारखेला जमीन वाळली. म्हणजे एक वर्ष आणि वर दहा दिवस, हत्तींसकट. मग मी गप्प बसलो. संडे स्कूलच्या टीचरनाही विचारून झालं, त्या म्हणाल्या घरी बाबांना विचार.

आणि बायबलमधल्याच शास्ते या पुस्तकातला एहूद. हा डावखुरा होता, आणि आमचा मधलाही डावखुरा, त्यामुळे बायबलमध्ये आपला माणूस सापडला म्हणून तो खूश. पण एहूद करतो काय, तर कपड्याच्या आत उजव्या मांडीला हातभर लांब तलवार बांधून मवाबाचा राजा एग्लोन याच्याकडे जातो आणि त्याच्या पोटात खुपसतो, आणि राजा इतका लठ्ठ असतो की मूठसुद्धा चरबीत आत जाते. नोकर बाहेर थांबून राहतात कारण त्यांना वाटतं महाराज आत शौचाला बसलेत. सहा वर्षांच्या मुलाला यापेक्षा भारी गोष्ट जगात नाही. पुढचे दोन आठवडे घरातली फूटपट्टी चड्डीत खोचून फिरत होता, आणि पोट बघून एग्लोनचा रोल कोणाला मिळाला ते वेगळं सांगायला नको. ऑफिसमधून येऊन सोफ्यावर जरा आडवा झालो की पोटात पट्टी. शेवटी एहूदवर बंदी घातली.

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. आपण 'चांगलं ख्रिस्ती मूल' म्हणजे 'गप्प बसलेलं मूल' असं धरून चालतो, त्यात निम्मा त्रास आपला आपणच करून घेतो. बायबलमध्ये गप्प बसलेली मुलं फार नाहीत. एसाव आणि याकोब हे जुळे तर आईच्या पोटातच मारामारी करत होते. येशूच्या शिष्यांपैकी जब्दीचे दोन मुलगे याकोब (हा वेगळा) आणि योहान, खुद्द येशूने त्यांना 'गर्जनेचे पुत्र' असं नाव ठेवलं होतं, आणि एका शोमरोनी गावाने यांना राहायला जागा दिली नाही तर हे विचारतात की आकाशातून अग्नी पाडून गाव जाळून टाकू का. आणि त्यांची आई येऊन म्हणते की तुझ्या राज्यात माझा एक मुलगा उजवीकडे आणि एक डावीकडे बसू दे. जेवताना आईच्या उजवीकडे कोण आणि डावीकडे कोण यावरून आमच्याकडे रोज युद्ध होतं, आणि मुलगे तीन, बाजू दोन. बायको म्हणते त्या बाईची निदान संख्या तरी बरोबर होती.

चर्चमध्ये आम्ही आधी शेवटच्या रांगेत बसायचो, पटकन बाहेर पळता यावं म्हणून. चूक होती. मागे बसलं की मुलांना फक्त लोकांच्या पाठी दिसतात, मग ते बाकाखाली घुसतात. आता पुढून दुसऱ्या रांगेत बसतो, समोर काहीतरी चालू असतं, बघत राहतात. जायच्या आधी अर्धा तास पळवून आणतो, पिशवीत कोरे कागद आणि खडू, आणि संदेश लांबला तर एकाला बाहेर न्यायची पाळी माझी की बायकोची हे घरातूनच ठरवून निघतो. एवढं करूनही फजिती होतेच. आमच्याकडे लहानांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेत वाटतात ती भाकर आणि द्राक्षारस, देत नाहीत, तर धाकटा एकदम शांततेत मोठ्याने म्हणाला, 'सगळ्यांना खाऊ, मलाच नाही!' दानाच्या पिशवीत नाणं टाकलं आणि पिशवी पुढे गेल्यावर रडायला लागला की माझं परत द्या. झोपला तर मी त्याला आता उठवत नाही. बायबलमधल्या प्रेषितांच्या कृत्यांत युतुख नावाचा तरुण प्रेषित पौलाचं भाषण ऐकता ऐकता झोपला आणि खिडकीतून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला, मेला म्हणून उचलला आणि पौलाने त्याला जिवंत केलं. आणि मग पौल परत वर जाऊन पहाटेपर्यंत बोलत राहिला! आमचे पाळकसाहेब निदान तासाभरात संपवतात.

एक गोष्ट मात्र करू नका, आम्ही केली आणि पस्तावलो. 'देव बघतोय हं' असं धमकावणं. लय सोपं वाटतं, काही उचलायला गेला की देव बघतोय, खोटं बोलला की देव बघतोय. मधला काही दिवसांनी बाथरूमचं दार लावून अंघोळ करायला तयार होईना. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, तिथे पण बघतो ना तो, आणि तिथे तुम्ही पण नसता. म्हणजे आम्ही देवाला सीसीटीव्ही करून ठेवला होता. ते निस्तरायला महिने गेले.

बाकी मुलगा आहे म्हणून रडू नकोस वगैरेही आम्ही बंद केलं. मोठ्या मुलाने पाठांतराला बायबलमधलं 'येशू रडला' हे वचन घेतलं होतं, अर्थात दोनच शब्द आहेत म्हणून, आळशी आहे तो. पण त्याचा मासा मेला तेव्हा मी सवयीने 'एवढं काय रडायचं' म्हणालो आणि त्याने तेच दोन शब्द माझ्या तोंडावर मारले.

आणि ती वही. संडे स्कूलमध्ये शिकवलं की येशूचा शिष्य पेत्र याने विचारलं भावाला सात वेळा क्षमा करू का, तर येशू म्हणाला सात वेळा नाही, साताच्या सत्तर वेळा. मोठ्याचे तेव्हा पाढे चालू होते, त्याने लगेच गुणाकार केला, ४९०. त्याने वही केली, मधल्याला क्षमा केली की एक रेघ, आणि ४९१ व्या वेळी बदडणार असं जाहीर केलं. मी समजावलं की अरे मोजायचंच नाही असा त्याचा अर्थ आहे, तर म्हणे मग आकडा कशाला दिला. बायकोने सहज वही चाळली. मागच्या पानावर 'बाबा' लिहिलेलं होतं आणि खाली रेघा. ११२. कशाच्या रे या? 'तुम्ही ओरडता त्याच्या.' चिडून लिहिलं नव्हतं हो त्याने, हिशोब म्हणून लिहिलं होतं, आणि प्रत्येक रेघ म्हणजे माफ केलं असाच त्याचा अर्थ होता. त्या रात्री झोप नाही लागली मला. सकाळी सॉरी म्हटलं, नीट, समोर बसून, कारण न देता. त्याने थोडा विचार करून विचारलं, 'हे सगळ्यांचं मिळून एक सॉरी आहे की एकाचंच?' तेव्हापासून ओरडलो तर त्याच दिवशी सॉरी म्हणतो. ओरडणं बंद झालंय असं नाही. वही अजून चालू आहे.

राहिली लाज. येशू १२ वर्षांचा असताना यरुशलेमात मागे राहिला आणि मरिया-योसेफांना एक दिवसाची वाट चालून गेल्यावर कळलं, लूकने स्पष्ट लिहिलंय. आम्हाला दहा मिनिटांत कळलं, म्हणजे तसे बरेच आहोत. बायकोला वाटलं धाकटा माझ्याकडे, मला वाटलं तिच्याकडे, गाडीत बसल्यावर मोजले तर दोनच. धावत परत गेलो. चर्च रिकामं, आणि तो पुढे पाळकसाहेबांच्या खुर्चीत पाय हलवत बसलेला, बंद माइक दोन्ही हातांनी धरून, हुबेहूब माझ्या त्या आवाजात, 'हेऽऽ दयाळू पित्याऽऽ, आमचे बाबा हरवलेतऽऽ, त्यांना लवकर शोधून देऽऽ.'