मॉरिशसच्या मराठी बायकांबद्दल लिहायचंय? मग आधी हे

विषय छान निवडलात, नक्की लिहा. फक्त प्रत्येक घराण्याची गोष्ट आजोबांच्या बोटीपासून सुरू करायची सवय मोडा. 1834पासून भारतातून करारावर मॉरिशसला गेलेल्या मजुरांत बायकाही होत्या आणि त्यांना स्वतःचा नोंदणी क्रमांक मिळे. मॉरिशसमधल्या मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेतल्या नोंदवह्यांत तो शोधा.

- 'अमक्याची बायको' एवढ्यावर थांबू नका. तिचं नाव, वय, गाव, सोबतची मुलं उतरवून घ्या. कोकणातली गावं कारकुनाने ऐकू आली तशी लिहिलेली असतात; मोठ्याने वाचा, म्हणजे ओळखू येतात.
- मुलाखतीत घरातले पुरुषच उत्तरं देऊ लागतात. आजींना वेगळं भेटा. "काय काय सोसलंत?" असं विचारलंत तर ठरीव उत्तर मिळेल. उसाच्या मळ्यात जाताना तान्हं मूल कुणाकडे असायचं, मजुरी कुणाच्या हातात पडायची, हे विचारा. बोलणं इथून खुलतं.
- प्रत्येकीला बिचारी ठरवू नका. एकट्या निघालेल्या विधवाही होत्या.

झाकरीची (तिथल्या मराठी लोकनृत्याची) गाणी, मळ्यांचे हिशेब नंतर बघू. आधी एकाच बाईचा माग शेवटपर्यंत काढा. एखादी नोंद लागत नसेल तर जशीच्या तशी पाठवा, मिळून वाचू.