पोटगीच्या थकबाकीचा आकडा चुकला असेल तर

प्रश्न : मुलीच्या पोटगीची १४ महिन्यांची थकबाकी दाखवणारी नोटीस आली आहे. त्यातले ५ हप्ते मी भरलेत, शिवाय शाळेची फीही मीच भरतो. रक्कम कमी होईल का?

उत्तर : नोटिशीतल्या मुदतीतच लेखी हरकत घ्या, फोनवरच्या बोलण्यावर विसंबू नका. हुकमाची प्रमाणित नक्कल मिळवून पोटगी अर्जाच्या तारखेपासून लागू आहे की निकालाच्या, ते पाहा. एवढ्यानेच आकडा कित्येक महिन्यांनी बदलतो. मग दर महिन्याला एक ओळ असा तक्ता करा: देय, भरलेली तारीख, व्यवहार क्रमांक, बाकी. पाचही हप्त्यांसमोर खातेउतारा जोडा. रोख दिलेले पैसे पावतीशिवाय सिद्ध करणं फार अवघड. हुकमात तशी वजावट नसेल, तर शाळेची फी सहसा पोटगीत धरत नाहीत.

वाद ५ महिन्यांचा आहे. उरलेल्या ९ महिन्यांचे पैसे अडवू नका, मुलीचा खर्च थांबलेला नाही. एकरकमी जमत नसेल तर हप्ते मागा. चालू पोटगी भरताना महिन्याचं नाव लिहा, नाहीतर ती जुन्या बाकीत वळती होऊ शकते. उत्पन्न घटलं असेल तर रक्कम बदलण्याचा अर्ज आजच करा. कपात बहुधा पुढच्या महिन्यांनाच मिळते, साचलेल्या बाकीला नाही.